नव्या शहरात नवा संसार: किराणा कधी, कुठून आणि किती भरायचा

नोकरीसाठी किंवा लग्न होऊन पुण्यात आलेल्या, पहिल्यांदाच स्वतःचं स्वयंपाकघर चालवणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितेय. घरभाडं, लाइटबिल, गॅस यांचे आकडे लगेच कळतात. किराण्याचा आकडा मात्र कळतच नाही, कारण तो रोज थोडाथोडा जातो. आज अर्धा किलो रवा, उद्या तेलाची पिशवी, परवा रात्री दहाला मोबाइलवरून मागवलेलं दही. महिनाअखेरीला बेरीज केली तर चार माणसांच्या घराइतका खर्च दोघांच्या घरात झालेला असतो.

माझं सांगणं एवढंच, की सगळं सामान एकाच हिशेबाने आणू नका. काही वस्तू वर्षाच्या भरायच्या असतात, काही महिन्याच्या, काही आठवड्याच्या. आपल्या आई-आजीला हे पाठ होतं, पण त्यांच्याकडे जागा होती आणि गच्ची होती. वन-बीएचकेमध्ये तेच कसं जमवायचं ते खाली क्रमाने सांगते.

जवळ काय हवं

- स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा. पाच किलोपर्यंतचा पुरतो. यात कंजुषी करू नका.
- घट्ट झाकणाचे डबे आणि धान्यासाठी एक पत्र्याची कोठी किंवा मोठा स्टीलचा डबा.
- कापडी पिशव्या. त्यात एक जाड, धान्य गिरणीत न्यायला.
- एक वही किंवा फ्रिजवर चिकटवायला कागद.
- रेशनकार्ड आणि त्यावर नाव असलेल्यांची आधारकार्डं. गावाकडचं कार्ड असलं तरी चालतं, त्याबद्दल पुढे येईलच.

१. पहिला महिना नुसतं लिहा

घाईने यादी करू नका. आधी तुमच्या घरात काय किती संपतं ते कळू द्या. तेलाची पिशवी फोडली की तारीख टाका, संपली की तारीख टाका. साखर, चहा, डाळ, कणीक, भांड्यांचा साबण, सगळ्याचं तसंच. महिन्याने जो कागद तयार होतो तो कुठल्याही तयार यादीपेक्षा कामाचा असतो.

अंदाजासाठी: एक किलो कणकेत मध्यम आकाराच्या तीस-पस्तीस पोळ्या होतात. दोघांत मिळून रोज आठ पोळ्या होत असतील तर महिन्याला साधारण सात-आठ किलो गहू लागतो. दुपारचं जेवण ऑफिसात होत असेल तर त्याच्या जवळपास निम्मा. तेल दोघांना महिन्याला दीड-दोन लिटर पुरायला हवं. त्याहून खूप जास्त लागत असेल तर तळण किती होतंय ते बघा.

२. प्रत्येक भाव किलोवर आणा

फसगत बहुतेक वेळा इथेच होते. मंडईत एक जण "वीसला पाव" म्हणतो, शेजारचा "साठ रुपये किलो" म्हणतो. कानाला पहिला स्वस्त वाटतो, पण तो ऐंशीने देत असतो. भाव पावाचा ऐकला की मनातल्या मनात चारने गुणायची सवय लावून घ्या. जुडी आणि वाट्यावर विकल्या जाणाऱ्या वस्तू घरी आणून एकदोनदा काट्यावर ठेवा, म्हणजे जुडीत भाजी किती आणि चिखल-काड्या किती हे कळेल.

पाकिटांचं पण तेच. २०२२मध्ये नियम बदलले आणि पाकिटावर एमआरपीबरोबर एका ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भावही छापायचं ठरलं. मोठ्या पाकिटांवर तो किलोचा किंवा लिटरचा असतो. बारीक अक्षरात 'युनिट सेल प्राइस' किंवा 'यूएसपी' असं लिहिलेलं असतं, ते शोधा. पंचवीस पैसे ग्रॅम म्हणजे अडीचशे रुपये किलो. हा एक आकडा बघितला की 'वीस टक्के जादा', 'फॅमिली पॅक' वगैरे शब्दांकडे बघायची गरज राहत नाही. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असंही धरून चालू नका. दहा रुपयांचे दोन छोटे पुडे कधीकधी त्याच बिस्किटाच्या मोठ्या पुड्यापेक्षा स्वस्त पडतात.

त्याच बदलात चहा, बिस्किटं, तेल, साबण अशा वस्तू ठरावीक वजनातच बांधायचं बंधनही गेलं. म्हणून हल्ली किंमत तीच राहते आणि आतलं वजन उतरतं. नेहमीचं पाकीट असलं तरी निव्वळ वजन दर वेळी वाचा.

तेलाचं खास सांगते. एक लिटर खाद्यतेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आता शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन पिशव्यांपैकी एक लिटरची असते आणि दुसरी तशीच दिसणारी आठशे-साडेआठशे ग्रॅमची. दुसरी चार रुपयांनी कमी दिसते आणि हिशेबाने महाग पडते. डबा घेताना तर विचाराच, की पंधरा किलोचा की पंधरा लिटरचा? पंधरा लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या आसपास तेल असतं. दुकानदार नुसतं "पंधराचा डबा" म्हणतो, त्यात दोन्ही बसतात.

३. वर्षाचं धान्य: काय, कधी, कुठे

खरी बचत इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

माल नवा येतो तेव्हा आवक भरपूर असते, निवडायला वाव असतो आणि भावही बहुधा नरम असतो. गहू मार्च ते मे. ज्वारी फेब्रुवारीपासून. तुरीचं नवं पीक जानेवारीच्या सुमारास बाजारात येतं, पाठोपाठ डाळ. मावळ-मुळशी-भोरकडचा इंद्रायणी तांदूळ दिवाळीनंतर. हळद आणि लाल मिरची फेब्रुवारी ते एप्रिल. टिकणारा उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये.

पुण्यात धान्यासाठी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला भुसार विभाग. तिथे घरगुती गिऱ्हाइकाला तीस किंवा पन्नास किलोचा कट्टा देणारे गाळे आहेत. पहिल्या गाळ्यावर घेऊ नका. तीन-चार ठिकाणी नमुना बघा, भाव विचारा, मग ठरवा.

गव्हात रोजच्या पोळीला लोकवन घ्या. मध्य प्रदेशातल्या सिहोरचा शरबती पोळीला मऊ असतो पण भाव चढा, आणि फरक प्रत्येक घराला जाणवतोच असं नाही. कट्टा घेण्याआधी दोन-तीन किलो नमुन्याला न्या, दळून आणा आणि सकाळी केलेली पोळी रात्री दुमडून बघा. तुटली नाही आणि कडक झाली नाही, तर तो गहू तुमच्या डब्याला चालेल.

दाणा कसा बघायचा: ओंजळभर घेऊन नाकाशी न्या, कुबट वास आला तर पुढे चला. एक दाणा दाताखाली फोडा. 'कट' आवाज होऊन तुटला तर वाळलेला आहे. चेपला तर ओल आहे, म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे भरताय आणि पावसाळ्यात त्याला जाळीही लागेल. मूठभर दाणे वाटीभर पाण्यात टाका, पोकळ आणि किडके वर येतात. दाण्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तर तो माल कितीही स्वस्तात मिळाला तरी नको.

तूरडाळ चकाकते म्हणून घेऊ नका. ती पॉलिशची चमक असते. बिनपॉलिशची मागा, दिसायला मंद असते पण वरणाला चव येते. इडली, डोसा, घावनासाठी अख्खा तांदूळ लागत नाही. त्याच जातीचा तुकडा मागा, बराच स्वस्त पडतो.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १८ जुलै २०२२पासून धान्य, डाळी, पीठ आधीच पाकीटबंद करून लेबल लावून विकलं तर त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, पण फक्त २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला. त्याहून मोठ्या कट्ट्याला नाही आणि दुकानात सुटं तोलून दिलेल्या धान्यालाही नाही. बाजारात २६ किलोचे तांदळाचे कट्टे दिसतात ते यामुळेच. दोघांनाच एवढं नको असेल तर शेजारी किंवा ऑफिसातल्या कुणाला बरोबर घ्या, एक कट्टा आणा आणि घरी वाटून घ्या. तुमचा वजनकाटा इथे उपयोगी पडेल.

भाव ठरवताना हमाली आणि टेम्पोचं भाडं त्यात धरा. एकट्यासाठी तीस किलो आणायला टेम्पो केलात तर वाचलेले पैसे तिथेच जातात.

आणि पहिल्याच वर्षी बारा महिन्यांचं भरू नका. एप्रिलमध्ये दिवाळीपर्यंत पुरेल एवढंच घ्या. तुमच्या घरात पावसाळ्यात भिंतीला ओल येते का, कोठी कुठे ठेवता येते, हे एक पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही.

४. भरलेलं टिकवणं

धान्य टिकलं नाही तर वरची सगळी मेहनत फुकट. गव्हाला कडक ऊन द्या, दोन दिवस. गच्ची नसेल तर बाल्कनीत चादरीवर थोडा थोडा करून. उन्हातून आणला की लगेच कोठीत ओतू नका. रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम धान्य बंद केलं की आत घाम धरतो. तांदळाला कडक ऊन देऊ नका, दाणा तडकून कणी होते. तो सावलीत, पंख्याखाली पसरा.

कोठीत तळाला आणि मध्येमध्ये वाळवलेला कडुलिंबाचा पाला. पाला खडखडीत वाळलेला हवा, ओला घातला तर तोच बुरशी आणतो. डाळींना एरंडेल चोळून ठेवा, किलोला एक छोटा चमचा पुरतो. तळहाताला लावून डाळीवर फिरवायचं, ओतायचं नाही. शिजवताना दोन पाण्यांनी धुतलं की वास राहत नाही. रवा, मैदा, बेसन आणल्यावर चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरा, अळ्या-पोरकिडे फार कमी होतात.

काही सल्ले मात्र कुणी कितीही आग्रहाने दिले तरी ऐकू नका. बोरिक पावडर तांदळाला चोळू नका, ती खाण्याची वस्तू नाही. पाऱ्याच्या गोळ्या घालू नका. आणि गोदामात वापरतात त्या विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या घरात अजिबात आणू नका. बंद खोलीत त्या वायूने माणसं दगावतात. किडलेलं पोतंभर धान्य फेकून द्यावं लागलं तरी चालेल, पण हा धोका नको.

दळणाबद्दल. गहू पंधरा-वीस दिवसांचा दळा. बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडवट होतं, म्हणून किलो-दीड किलोच दळून आणा. गिरणीत "गव्हावर गहू टाका" असं स्पष्ट सांगा, नाहीतर आधीच्या माणसाची ज्वारी किंवा डाळ तुमच्या कणकेत येते आणि पोळी फुगत नाही. नेताना घरी वजन करा, आणल्यावर पुन्हा करा. थोडी घट ठरलेली असते, जास्त वाटली तर गिरणीवाल्या दादांशी बोला. नियमित गिऱ्हाइकाचं ते ऐकतात.

५. मिरची आणि मसाला

दोघांच्या घराला वर्षाला दीड-दोन किलो तिखट पुरतं. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी तेजा, लवंगी किंवा संकेश्वरी, असं मिसळून घ्या. निम्मं-निम्मं हे सुरुवातीला बरं, पुढच्या वर्षी आपल्या जिभेप्रमाणे बदला. ब्याडगी सुरकुतलेली आणि गडद लाल असते. हातात चुरली तर वाळलेली, लवचीक वाकली तर ओलसर. ओलसर मिरची वजनाला भरते आणि पुढे बुरशी धरते.

देठासकट आणि बिनदेठाची यांच्या भावात फरक असतो. देठासकट घेऊन घरी खुडायला बसलात तर किती वजन जातं ते एकदा तोलून बघा आणि मग ठरवा. कांडपाच्या गिरणीत एप्रिल-मेमध्ये रांगा लागतात, म्हणून मार्चमध्येच उरकून घ्या. समोर उभं राहून कुटून घ्या. मुंबईकडच्यांना लालबागची मिरची गल्ली आहेच, तिथे मिरची निवडणं, भाजणं, कुटणं सगळं एका जागी होतं.

वर्षभराच्या हिंग, वेलची, दगडफूल यांचा साठा मात्र करू नका. वास उडतो. ते पन्नास-शंभर ग्रॅमच, नेहमीच्या किराणावाल्याकडून.

६. महिन्याची यादी

पगार झाल्यावर एकदा. डीमार्टसारख्या मोठ्या दुकानात साखर, चहा, तेल, साबण, पेस्ट अशा छापील किमतीच्या वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा बहुधा स्वस्त मिळतात. यादी हातात घेऊन जा, जेवून जा, आणि जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी. शनिवार-रविवारच्या गर्दीत भाव वाचायला उसंत मिळत नाही. बिल काउंटर सोडण्याआधी वाचा. फळीवरच्या चिठ्ठीचा भाव आणि बिलातला भाव वेगळा निघाला तर तिथेच दाखवता येतं, घरी गेल्यावर नाही.

पण कोपऱ्यावरचा किराणावाला सोडू नका. तो पाच रुपयांची मोहरी देतो, किडकी डाळ परत घेतो, अडीअडचणीला वहीत लिहून ठेवतो. या गोष्टींना किंमत आहे. फक्त महिन्याचं खातं त्याच्याकडे चालवत असाल तर तुमच्याकडेही तीच नोंद हवी.

मोबाइलवरून दहा मिनिटांत येणारं सामान खरोखर अडल्यावरच मागवा. वस्तूच्या भावापेक्षा खालच्या ओळी बघा: डिलिव्हरी, हाताळणी, छोट्या ऑर्डरचा वेगळा आकार. चाळीस रुपयांच्या दह्यावर हे सगळं धरून काय पडतं ते एकदा मोजा. सामान हातात आल्यावर तारीख तपासा. 'बेस्ट बिफोर' उलटल्यावर पदार्थाचा दर्जा उतरतो, 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' उलटलेलं मात्र खायचंच नाही.

दिवाळीचं सामान, म्हणजे पोहे, बेसन, सुकं खोबरं, डालडा, नवरात्रातच आणून ठेवा. साबुदाणा आषाढी एकादशीच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका, आधीच घ्या.

७. भाजी आणि फळं

आठवड्यातून दोनदा पुरे. एकदा आठवडे बाजार, एकदा मंडई. पुण्यात बऱ्याच भागांत शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरतात, तुमच्या भागातला वार सोसायटीत विचारून घ्या. पालेभाजी सकाळी घ्या. बटाटा, भोपळा, कोबी, गाजर असं टिकणारं बाजार उठायच्या वेळी घ्या, तेव्हा भाव खाली येतो.

भाव खरा काय चाललाय हे कळायला पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे दर असतात. ते क्विंटलचे असतात, शंभराने भागा की किलोचा येतो. कांदा तिथे अठराशे रुपये क्विंटल दिसला म्हणजे अठरा रुपये किलो. वाहतूक, सड आणि विकणाऱ्याचं पोट धरून तो दारात तीस-पस्तीसला मिळणं वावगं नाही. म्हातारी मावशी मेथीच्या दोन जुड्या घेऊन बसलेली असेल तर तिथे घासाघीस करू नका, एवढं माझं ऐका.

श्रावणात भाजी महाग, मार्गशीर्षातल्या गुरुवारी फळं महाग. डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त होतो तेव्हा सोलून, मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढून, गार करून फ्रीजरमध्ये भरा.

८. साबण वगैरे

अंगाच्या साबणावर 'टीएफएम' आकडा बघा, म्हणजे साबणातल्या स्निग्धांशाचं टक्क्यातलं प्रमाण. ७६ किंवा त्याहून जास्त असेल तर तो पहिल्या प्रतीचा. नुसतं 'बाथिंग बार' लिहिलेला त्याहून वेगळा प्रकार आहे, भावाची तुलना त्याच्याशी करू नका. साबण पाण्यात बसणार नाही अशी जाळीची साबणदाणी घ्या, वडी बरीच जास्त दिवस जाते.

९. रेशनकार्ड आणि सामूहिक खरेदी

गावाकडे अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर ते पुण्यातही चालतं. 'एक देश, एक रेशनकार्ड'मध्ये कुठल्याही रास्त भाव दुकानात आधार पडताळणी करून आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो, अंत्योदयला कार्डामागे पस्तीस किलो, आणि जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. कार्डावरच्या प्रत्येकाचं आधार जोडलेलं हवं आणि ई-केवायसी झालेली हवी, नाहीतर यंत्रावर नाव येत नाही. दुकानदार "इथलं कार्ड नाही" म्हणून परत पाठवू लागला तर ऐकून घेऊ नका. हक्क तुमचा आहे.

मुंबई-ठाण्याकडे राहायला जाणार असाल तर १९७५पासून चालू असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची चौकशी करा. शेजारची काही कुटुंबं मिळून गट करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात आणि सामान ठरलेल्या दिवशी एका घरी येतं, तिथून वाटप होतं. वेळ द्यावा लागतो, पण माल चोख असतो.

१०. वजन किंवा भावात फसवणूक झाली तर

छापील एमआरपीपेक्षा जास्त कुठलाही दुकानदार घेऊ शकत नाही. 'कूलिंग चार्ज' म्हणूनही नाही. मिठाई खोक्यासकट तोलून देणंही चूक आहे, आधी रिकामं खोकं काट्यावर ठेवून शून्य करायला सांगा. दुकानाच्या काट्यावर वैधमापन विभागाची पडताळणीची मोहर असते, शंका आली तर दाखवायला सांगा. तरीही ऐकत नसतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोललं तरी चालतं. तक्रारीला बिल, पाकिटाचा छापील बाजूचा फोटो आणि खरेदीची तारीख लागते, म्हणून महिना संपेपर्यंत बिलं त्या वहीतच खोचून ठेवा.